ऋतू काढला तर गुन्हा उरतो का? : ऋतुवार रहस्यकथा संग्रहाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

प्रकाशकांशी बोलणं झालं, काम पक्कं. जुन्या इंग्रजी रहस्यकथांचे मराठी अनुवाद, ऋतूंप्रमाणे लावलेली चार छोटी पुस्तकं: हिवाळा, वसंत, उन्हाळा, शरद. डेमी आकार, प्रत्येकी दहा फॉर्म, म्हणजे एकशे साठ पानं. निवड आणि संपादन माझ्याकडे. अनुवादाला आम्ही चौघे.

कल्पना काही नवी नाही. ब्रिटिश लायब्ररीने आपल्या क्राइम क्लासिक्स मालेत २०१४ साली जे. जेफरसन फार्जन यांची 'मिस्ट्री इन व्हाइट' ही १९३७ ची, विस्मरणात गेलेली कादंबरी पुन्हा छापली. बर्फात अडकलेली आगगाडी, ख्रिसमसची आदली रात्र. ती अनपेक्षितपणे तुफान खपली. पुढच्याच वर्षी मार्टिन एडवर्ड्‌स यांनी संपादित केलेले दोन कथासंग्रह आले: ख्रिसमसचा 'सायलेंट नाइट्स' आणि सुट्टीतल्या गुन्ह्यांचा 'रिझॉर्टिंग टु मर्डर'. मग 'क्रिमझन स्नो' (२०१६), 'द ख्रिसमस कार्ड क्राइम' (२०१८), 'अ सरप्राइज फॉर ख्रिसमस' (२०२०). यादी नुसती वरून खाली वाचली तरी कळतं की पुढची सगळी वाढ ख्रिसमसच्याच बाजूला झाली आहे.

म्हणजे ऋतू ही आधी दुकानदाराची सोय. डिसेंबरात भेट म्हणून काय द्यायचं याचं तयार उत्तर. त्यात वाईट काही नाही, पण आपल्याला चार पुस्तकं करायची आहेत आणि मराठी वाचकाला डिसेंबरात पुस्तक भेट द्यायची सवय नाही. तेव्हा कथा ऋतूच्या नावाखाली ठेवायला त्याहून बरं कारण लागेल.

१९ जानेवारी

कारण सापडलं, तेही एका चोराच्या तोंडी. चेस्टर्टनच्या 'द फ्लाइंग स्टार्स' या, फादर ब्राऊन नावाच्या पाद्री-गुप्तहेराच्या कथेत (१९११ च्या पहिल्या संग्रहात आहे) फ्लांबो म्हातारपणी सांगतो की, आपण कलावंत असल्यामुळे त्या त्या ऋतूला आणि जागेला शोभेल असाच गुन्हा करायचा प्रयत्न केला. ख्रिसमसची चोरी वेगळी, बागेतली वेगळी.

यावरून निवडीची कसोटी ठरवली. कथेतून ऋतू काढून टाकायचा. गुन्हा, किंवा गुन्ह्याचा उलगडा, तरीही जसाच्या तसा उभा राहिला तर कथा बाद. मग ती कितीही थोर असो. बर्फ नुसता खिडकीबाहेर पडत असेल तर तो नेपथ्याचा भाग. आपल्याला तो साक्षीदार म्हणून हवा, नाहीतर आरोपी म्हणून.

गटातल्या ज्येष्ठ अनुवादक बाई म्हणाल्या, "फार कडक लावताय हो तुम्ही. दहा फॉर्म भरायचे आहेत." बघू.

२१ जानेवारी

हक्कांचं काम उरकून टाकलं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे कॉनन डॉयल (मृत्यू १९३०), चेस्टर्टन (१९३६) मोकळे. डोरोथी सेयर्स १९५७ च्या डिसेंबरात गेल्या, त्यामुळे त्याही २०१८ पासून मोकळ्या. पण सेयर्सबाईंची 'टॉलबॉइज' ही कथा त्यांच्या मागे, १९७२ मध्ये प्रथम छापली गेली. मरणोत्तर प्रकाशनाला साठ वर्षं छापल्यापासून मोजतात, तेव्हा ती २०३२ अखेरपर्यंत बंद. मार्जरी अलिंगहॅम २०२७ ला मोकळ्या होतील. अगाथा ख्रिस्ती १९७६ ला गेल्या. तिकडे २०३७ पर्यंत बघायचंच नाही.

प्रकाशकांचा चेहरा पडला. ख्रिसमस म्हटलं की ख्रिस्तीच हवी. त्यांचं खरंही आहे: ख्रिस्तीबाईंच्या इंग्रज प्रकाशकाची जाहिरातच 'ख्रिसमसला ख्रिस्ती' अशी असायची. पण परवानगीचा खर्च चारही पुस्तकांच्या कागदाला भारी पडेल. विषय बंद.

२६ जानेवारी

कसोटीवर पहिली कथा घेतली: 'द ब्लू कार्बंकल'. स्ट्रँड मासिक, जानेवारी १८९२. ही शेरलॉक होम्सची एकमेव धडधडीत ख्रिसमस कथा. (इथून पुढे या नोंदी गुपितं फोडत जाणार आहेत. ज्यांनी कथा वाचल्या नाहीत त्यांनी आधी वाचून याव्यात.)

ही वरवर वाचली तर गोड, सणासुदीची गोष्ट वाटते. तारखा कागदावर मांडल्या तेव्हा तिची यंत्रणा दिसली. २२ डिसेंबरला हॉटेल कॉस्मोपॉलिटनमधून नीलमणी चोरीला जातो. चोर घाबरून बहिणीच्या घरी जातो आणि मागच्या अंगणातल्या एका गूजच्या, म्हणजे बदकाच्या जातीतल्या त्या मोठ्या पक्ष्याच्या घशात तो खडा कोंबतो. बहिणीचा धंदाच मुळी हे पक्षी वाढवून बाजारात विकायचा. आणि दिवस २२ डिसेंबर! माल त्याच दिवशी उचलला जातो. वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही आठवड्यात तो पक्षी निवांत अंगणात राहिला असता, चोराने चार दिवसांनी येऊन नेला असता, आणि कथाच झाली नसती.

पुढे कॉव्हेंट गार्डनच्या व्यापाऱ्याच्या वहीतली ओळ येते: २२ डिसेंबर, चोवीस गूज, साडेसात शिलिंग दराने खरेदी, विक्री आल्फा नावाच्या गुत्त्याच्या मालकाला, बारा शिलिंग दराने. नगामागे साडेचार शिलिंग सुटले. मला ही ओळ कथेतल्या रत्नापेक्षा जास्त आवडते. होम्स ही माहिती पैज लावून काढून घेतो, कारण सरळ विचारलं तर व्यापारी अंगावर येतो. दिवसभर लोक त्या पक्ष्यांची चौकशी करून त्याचं डोकं खाऊन गेलेले असतात.

आल्फाच्या मालकाने गूज क्लब काढलेला असतो. गिऱ्हाइकांनी दर आठवड्याला थोडे पेन्स भरायचे, ख्रिसमसला प्रत्येकाला एक पक्षी. आपली भिशीच ती. ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगायला टीप लागणार नाही.

आणि थंडी. पक्षी पहाटे रस्त्यात सापडतो तो ख्रिसमसच्या दिवशी. कथा सुरू होते सत्तावीस तारखेच्या सकाळी, आणि तोवर तो कच्चाच होम्सच्या घरी पडून असतो. थोडं हिमतुषार असूनही आता तो खाऊन टाकलेला बरा, असं होम्स म्हणतो. दोन दिवस! आपल्याकडे दुपारपर्यंत शेजाऱ्यांनी दार ठोठावलं असतं. ख्रिसमस काढा, बाजार कोसळतो. थंडी काढा, पक्षी नासतो. कथा पास, आणि दणक्यात.

जाता जाता: पक्षी अभ्यासकांचा जुना आक्षेप आहे की गूजला कोंबडीसारखी गळ्यातली थैली नसते. खडा जिथे सापडला म्हणतात ती जागाच पक्ष्याच्या अंगात नाही. मूळ तसंच ठेवायचं. डॉयलना शरीरशास्त्र आम्ही शिकवणार नाही.

२ फेब्रुवारी

बर्फाच्या कथा. ढीगभर काढल्या, कसोटीवर बहुतेक गळल्या. उरलेल्यांत दोन अव्वल.

'द बेरिल कॉरोनेट' मध्ये फेब्रुवारीचा बर्फ हा सरळ पुरावा आहे. बुटांचे ठसे आहेत आणि अनवाणी पायांचेही. अनवाणी पाऊल काही ठिकाणी बुटाच्या खळग्यावर उमटलं आहे, यावरून होम्स सांगतो की अनवाणी माणूस मागून धावला. म्हणजे बर्फाने नुसतं कोण आलं एवढंच नाही, तर कोण आधी आणि कोण नंतर हेही टिपून ठेवलं. मुलावर चोरीचा आळ आलेला असतो, आणि त्याची सुटका त्या एका ठशावर ठसा पडण्यातून होते. चिखलात हे इतकं स्वच्छ उमटणार नाही.

दुसरी चेस्टर्टनची 'द इनव्हिजिबल मॅन'. दारावर चार माणसं पहारा देत उभी, चौघंही शपथेवर सांगतात की कोणी आत गेलं नाही, आणि वर चढत गेलेली पावलं बर्फात ढळढळीत. पहारेकऱ्यांच्या नजरेला जो माणूस माणूस म्हणून दिसलाच नाही, तो बर्फाला दिसला. या कथेतल्या इमारतीचं नाव हिमालया मॅन्शन्स आणि फ्लांबो राहतो लखनौ मॅन्शन्समध्ये. लंडनच्या त्या काळच्या बिल्डरांची आवड.

सेयर्सबाईंची 'द नेकलेस ऑफ पर्ल्स' (१९३३ च्या 'हँगमन्स हॉलिडे' मधली) यांच्या सोबतीला. ख्रिसमसला घरात टांगायची मिसलटोची डहाळी आणि तिची पांढरी, मोत्याएवढी फळं. मोती कुठे गेले हे लोकांनी खोलीभर शोधावं आणि ते सगळ्यांच्या डोक्यावर लटकत असावेत. फळं हिवाळ्यातच पांढरी पिकतात, डहाळी ख्रिसमसलाच टांगतात. पास.

१६ फेब्रुवारी

कोणती कथा कोणत्या महिन्यात घडते आणि मासिकात कधी छापून आली, याचा तक्ता केला. स्ट्रँडचे जुने अंक नेटवर स्कॅन करून ठेवलेले आहेत, त्यामुळे काम सोपं.

निष्कर्ष गमतीचा. फेब्रुवारीच्या बर्फातली 'बेरिल कॉरोनेट' छापली मे १८९२ मध्ये. जूनमधली 'बॉस्कोम व्हॅली' ऑक्टोबर १८९१ मध्ये. जुलैच्या समुद्रकिनाऱ्यावरची 'लायन्स मेन' डिसेंबर १९२६ मध्ये. म्हणजे लोक शेकोटीजवळ बसून पोहण्याची गोष्ट वाचत होते. मूळ संपादकांना ऋतूचं काही पडलेलं नव्हतं. अपवाद एक ख्रिसमसचा. ऋतुवार मांडणी ही नंतरच्या संग्राहकांची करणी.

आणि ख्रिसमसच्या अंकातसुद्धा ख्रिसमस असायलाच हवा असं नाही. होम्सचा जन्म ज्या अंकात झाला तो 'बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल', १८८७, किंमत एक शिलिंग. त्यातल्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' मधलं प्रकरण सुरू होतं ४ मार्चला. लेखकाला सगळ्या हक्कांचे मिळून पंचवीस पौंड मिळाले.

हे वाचताना आपले दिवाळी अंक आठवल्याशिवाय राहत नाहीत. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नियतकालिकांच्या ख्रिसमस अंकांचा धडा समोर ठेवूनच. आणि दिवाळी अंकातल्या कथेत पणती शोधायला कोण जातं? सणाला सवड मिळते आणि सवडीला गोष्ट लागते, एवढाच संबंध. प्रस्तावनेत हा परिच्छेद घ्यायचा. मराठी वाचकाला ऋतुवार संग्रहाकडे नेणारा हा त्याच्या ओळखीचा रस्ता आहे.

२ मार्च

वसंत. इथे फजिती आहे. इंग्रजी कवितेत वसंत उतू जातो, रहस्यकथेत तो जवळजवळ नाही. गुन्हेगाराला अंधार, धुकं, बर्फ, पाहुण्यांची गर्दी हवी असते. फुलं उमलण्याचा त्याला काय उपयोग?

'द स्पेकल्ड बँड' एप्रिल १८८३ मध्ये घडते. कथेतला खलनायक डॉ. रॉयलट होम्सच्या घरी येऊन थयथयाट करतो आणि होम्स शांतपणे म्हणतो की यंदा क्रोकस चांगले फुलतील असं ऐकलं. एवढाच काय तो वसंत, तोही समोरच्याला चिडवण्यापुरता. महिना बदला, खून करणाऱ्या सापाला काही फरक पडत नाही. बाद. यावर गटात आरडाओरडा झाला, कारण ती सगळ्यांचीच लाडकी. पण बादच.

मग 'द डेव्हिल्स फूट' पुन्हा काढली. मार्च १८९७, कॉर्नवॉलचा किनारा, होम्स डॉक्टरच्या हुकमावरून विश्रांतीला आलेला. एका घरात पत्ते खेळायला बसलेली बहीण सकाळी मेलेली सापडते, दोघे भाऊ वेडे झालेले. होम्स खोली बघताना साधासा प्रश्न विचारतो: एवढ्या लहान खोलीत, वसंतातल्या संध्याकाळी, शेकोटी कशाला पेटवली होती? उत्तर मिळतं, रात्र गार आणि दमट होती.

या एका प्रश्नात सगळी कथा आहे. विष म्हणजे एका मुळाची पूड, आणि ती जळल्याशिवाय मारत नाही. कडक हिवाळा असता तर शेकोटी पेटलेलीच असणार, कोणी विचारलंच नसतं. उन्हाळा असता तर शेकोटीच नसती आणि खिडक्या उघड्या असत्या. विस्तव लागावा पण तो पेटवल्याचं जरा नवल वाटावं, असं हवामान वर्षातून काही आठवडेच असतं आणि डॉयलनी नेमकं तेच उचललं. पुढचा मृत्यू दिव्यावर ठेवलेल्या पुडीने होतो. तिथेही जळणारं काही लागतंच.

वसंताच्या पुस्तकात एक कथा झाली. बाकी एकशे तीस पानं कोरी.

६ एप्रिल

'फ्लाइंग स्टार्स'चा कच्चा अनुवाद आला. कथा कसोटीला पुरेपूर उतरते. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी घरच्या मंडळींनी हौसेने पँटोमाइम करायचं, त्यात विदूषकाने पोलिसाला बदडायचं. आणि खराखुरा पोलीस दारात आला की प्रेक्षकांनी त्याला नाटकातला समजून टाळ्या वाजवायच्या. ही प्रथा ख्रिसमसचीच. दुसऱ्या कुठल्या दिवशी पोलिसाला असं लोळवलं असतं तर पाहुणे हसत बसले नसते.

अडचण वेगळीच निघाली. फ्लांबोच्या ज्या बोलण्यावरून मी कसोटी घेतली, त्याच्यातच ज्यूंविषयी एक कुत्सित वाक्य आहे: कोणाला कुठल्या जागी लुबाडावं याच्या यादीत ते येतं. ते ठेवायचं की नाही यावर आमची चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, वाक्य कापा. कथेचं काही अडत नाही, आणि मराठी वाचकाला त्याचा संदर्भही नाही. बाई म्हणाल्या, "संदर्भ नाही म्हणूनच ठेवा. त्या काळचे हे लेखक फार सुसंस्कृत होते असं आपल्याकडे उगाच समजतात."

मी बाईंच्या बाजूने. त्या काळच्या बऱ्याच इंग्रजी रहस्यकथांत ज्यू, परदेशी, नोकरचाकर यांच्याविषयी असं सहज टाकलेलं काहीतरी असतं. ते गाळलं तर मऊ दिव्यांचं, बर्फाचं, सगळ्यांशी गोड वागणारं एक खोटं इंग्लंड तयार होतं, आणि ऋतुवार संग्रहांची ओढ मुळातच त्या खोट्या इंग्लंडकडे असते. वाक्य जसंच्या तसं. प्रस्तावनेत दोन ओळी. कथेच्या पायथ्याशी टीप नको, वाचकाला मध्येच उठवायचं नाही.

९ मे

उन्हाळ्याच्या पुस्तकासाठी मॅथायस मॅकडॉनल बॉडकिन या आयरिश न्यायाधीश-लेखकाची 'मर्डर बाय प्रॉक्सी' धरली आहे. पॉल बेक या गुप्तहेराच्या १८९८ च्या संग्रहातली. १२ ऑगस्टची रणरणती दुपार, जेवून झोपलेला घरमालक, ठासणीची बंदूक, आणि पाण्याने भरलेली काचेची बाटली. बाटलीतून गेलेलं ऊन बंदुकीच्या टोपीवर एकवटतं आणि गोळी सुटते. खुनी त्या वेळी तिथे नसतोच. इथे ऋतू साक्षीदार नाही, घोडा ओढणाराच तो.

हे होतं का, ते बघायचं ठरवलं. पश्चिमेच्या खिडकीत सरळ उभी बाटली ठेवली तर मागे उजेडाची उभी रेघ पडते, ठिपका नाही. रेघ कोमट. मग ओळखीच्या शिक्षकांकडून शाळेतला गोल बुडाचा चंबू आणला, काठोकाठ पाणी भरलं आणि मागे काळा कागद धरला. ठिपका मिळाला, पण काचेच्या अगदी जवळ. चंबूच्या मध्यापासून काचेपर्यंत जितकं अंतर, तेवढंच पुढे. तिथे कागद धरला की आधी वास येतो, मग बारीक धूर. वीतभर लांब नेला की नुसताच उजेड. म्हणजे बाटली गोलसर हवी आणि बंदुकीला जवळजवळ खेटून हवी.

पण खरी गंमत दुसरीच. कथेतली वेळ दुपारची दोनची. आमच्या खिडकीत दोन वाजता ऊनच येईना! पुण्यात या दिवसांत सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो, आठवड्याभरात शून्य सावलीचा दिवस येईल. ऊन पत्र्यावर, गच्चीवर, पण खोलीत नाही. लंडनच्या अक्षांशावर ऑगस्टच्या मध्यात भर दुपारी सूर्य त्रेपन्न अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे तिथे दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आत शिरतं. मला चार वाजेपर्यंत थांबावं लागलं. हा खून पुण्यात मे महिन्यात दोन वाजता करता येणार नाही. पडदे ओढून झोपायची आपली रीत वेगळीच.

हे सगळं प्रस्तावनेत घ्यायचा मोह होतोय. कथेच्या आधी घेतलं तर कथा मारली. शेवटी, सगळ्या कथांच्या मागे एक छोटं टिपण म्हणून.

२८ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आला, परवा मुंबईत आणि इकडेही. प्रकाशकांचा फोन: "ताई, पावसाळ्याचं एक पुस्तक का नाही? आपल्याकडे पावसाळ्यातच लोक वाचतात." मुद्दा बरोबर आहे. पण इंग्लंडला पावसाळा नाही. पाऊस आहे, ऋतू नाही. तिथे तो बारमाही पडत असल्यामुळे कोणत्याच कथेला स्वतःचा म्हणून चिकटत नाही.

मात्र या फोनमुळे 'बॉस्कोम व्हॅली'चा अनुवाद नव्या नजरेने वाचला. खून ३ जूनचा. आपला वाचक जून म्हटलं की छत्री शोधतो, आणि या कथेत सगळी भिस्त पाऊस न पडण्यावर आहे. होम्स गावी पोचल्यावर प्रेत बघायला जात नाही, आरोपीला भेटायची घाई करत नाही. आधी विचारतो की वायुभारमापक काय दाखवतोय. सगळा प्रश्न हवेच्या दाबाचा आहे म्हणतो. पोलीस अधिकारी लेस्ट्रेड चक्रावतो. रात्रभर कोरडं राहिलं तरच तळ्याकाठचे ठसे सकाळी वाचता येणार. आणि सकाळी त्या ठशांतून तो माणूस उभा करतो: उंच, उजव्या पायाने लंगडणारा, जाड तळव्याचे बूट, भारतीय सिगार ओढणारा.

इथेही एक खोच आहे. कथेत होम्स आकडा वाचतो एकोणतीस, आणि म्हणतो आकाश निरभ्र. एकोणतीस इंच पारा म्हणजे सुमारे ९८२ मिलिबार, चांगलाच कमी दाब. त्या आकड्याला इंग्रज माणूस छत्री घेऊनच बाहेर पडेल. टिपणात घ्यावं, हवामानाची आवड असलेल्या वाचकांना चघळायला बरं.

२२ जून

'लायन्स मेन' पास. जुलै १९०७ चं वादळ, त्याने कड्याच्या पायथ्याशी भरून ठेवलेलं पाण्याचं तळं, आणि त्या तळ्यात आलेला जेलीफिश. वादळ नाही तर तळं नाही, उन्हाळा नाही तर पोहणारा नाही. होम्स स्वतः निवेदन करतो, ती कथा मला जरा संथ वाटते. पण नियम तो नियम.

उन्हाळ्याच्या सगळ्या कथांसाठी एक सूचना अनुवादकांना पाठवली: रात्री आठ-साडेआठलाही उजेड आहे हे पहिल्या पानावर कुठेतरी वाचकाच्या लक्षात येऊ द्या. १९१६ नंतरच्या कथांत तर घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे केलेली, तेव्हा साडेनऊपर्यंत. 'जेवणानंतर तो बागेत झाडांना पाणी घालताना दिसला' हे वाक्य आपल्याकडे खोटं वाटेल. तिकडे तीच साक्ष आहे.

६ जुलै

शरद. 'द फाइव्ह ऑरेंज पिप्स' वर वाद. सप्टेंबरअखेरची, दिवसरात्र समान होतानाची वादळं सुरुवातीला होम्सच्या खिडकीवर आपटतात आणि शेवटी तीच वादळं खुन्यांचं जहाज अटलांटिकमध्ये बुडवतात. होम्स हरतो, वारा जिंकतो. गुन्ह्याला ऋतू लागत नाही, शिक्षेला लागतो. घ्यावी असं ठरलं. कसोटी थोडी वाकली खरी, पण मोडली नाही.

'द ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स' साठी वाद झालाच नाही. नोव्हेंबर १८९५, लंडनवर दाट पिवळं धुकं. एक तरुण वाग्दत्त वधूला धुक्यात सोडून अचानक पळत सुटतो आणि तिला पुढे काही दिसत नाही. धुक्याशिवाय ती शेवटपर्यंत साक्षीदार राहिली असती.

ते धुकं निसर्गाचं कमी आणि चुलींचं जास्त. घरोघरी दगडी कोळसा जळायचा, त्याचा धूर थंड हवेत अडकायचा. डिसेंबर १९५२ मध्ये त्याने हजारो माणसं मारली, मग १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि हळूहळू ते पिवळं धुकं गेलं. लंडनचा एक ऋतूच संसदेने रद्द केला म्हणायचा. त्यानंतर त्या धुक्यातला खून लिहायचा तर तो जुन्या काळातच लिहावा लागतो.

१७ ऑगस्ट

प्रकाशकांकडे डमी घेऊन गेले. हिवाळा भरगच्च, बारा फॉर्म मागतोय. उन्हाळा पाच-सहा, शरद तीन-चार, वसंत दोनसुद्धा नाही.

"चारही सारखे करा ना ताई. सेट छान दिसतो."

"वसंतात काय घालू? स्पेकल्ड बँड?"

"घाला की! कोणाला कळतंय?"

कळतंय. या कामात मला एवढीच गोष्ट धरून ठेवायची आहे. चार सारख्या जाडीची पुस्तकं केली तर ऋतू पुन्हा मुखपृष्ठापुरताच उरला. आणि वसंत दोन फॉर्मचाही होत नाही ही काही उणीव नव्हे. गुन्हेगारांना वसंत आवडत नाही हे वाचकाला त्यातूनच कळेल.

चहा झाला, हिशेब झाला, तडजोड झाली. दोन पुस्तकं. पहिलं हिवाळ्याचं, नोव्हेंबरअखेर दुकानात. दुसरं 'उरलेले ऋतू', त्यात वसंत, उन्हाळा, शरद आपापल्या खऱ्या जाडीने, पुढच्या एप्रिलात. आतली चित्रं स्ट्रँडमधल्या होम्सकथांचे चित्रकार सिडनी पॅजेट यांची. ते १९०८ ला गेले, हक्काचा प्रश्न नाही. मुखपृष्ठावर बर्फाचे ठिपके नकोत असं सांगून ठेवलं. चित्रकाराला व्यापाऱ्याच्या वहीचं पान काढायला सांगितलंय: तारीख, नग, दर.

हिवाळ्याचा क्रम: आधी 'ब्लू कार्बंकल', मग बर्फाच्या दोन, मग 'नेकलेस ऑफ पर्ल्स', शेवटी 'फ्लाइंग स्टार्स'. ती शेवटी अशासाठी की तिथे चोर स्वतःच ऋतूचं गणित मांडतो, आणि तोवर वाचकाने ते चार वेळा सुटताना पाहिलेलं असतं. पुढच्या आठवड्यात मुद्रितं येतील. मोठ्या कथांचं मुद्रितशोधन बाईंकडे, टिपणं माझ्याकडे.